नमुना क्र. १

पुणे, १० जून २०२४

ती. रेवणसिद्धमामा,

शरणार्थ. फोनच करणार होते. पण मागच्या वेळी आपण फोनवर बोललो तेव्हा माझ्या पगाराचा आकडा धर्मापुरीच्या किल्ल्यापर्यंत ऐकू गेला, असं मामीनं नंतर कळवलं. तुम्हाला ऐकू कमी येतं आणि त्याची भरपाई तुम्ही आवाजानं करता. म्हणून हे पत्र.

मी जुन्या यंत्रांच्या संग्रहालयात काम करते हे तुम्हाला माहीत आहेच. (‘भंगाराला पगार देणारं हापिस’ असं तुम्ही म्हणता.) येत्या खंडेनवमीला आमचं नवं दालन उघडायचं आहे, घरात वापरायच्या जुन्या संगणकांचं. त्यासाठी जुन्या बाजारात हिंडताना मला एक पेटी मिळाली आहे. सागवानी, साधारण हार्मोनियमएवढी. वर कळा आहेत, त्या कुठल्यातरी मराठी टंकयंत्राच्या. मागून टीव्हीला जोडायची वायर निघते. झाकण उघडलं की हातानं केलेलं जोडकाम, शेकडो तारा आणि चिपा. पुढच्या फळीवर, गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवतात तसल्या अक्षरांत, ‘नमुना क्र. १’. बास. कंपनी नाही, गाव नाही, माणूस नाही. चिपांवरची सालं १९८४ची. फोटो सोबत आहे.

मामा, त्या काळी मराठी कळांचा घरगुती संगणक कुणी बनवला होता असं कुठेच नोंदलेलं नाही. आमच्या संचालकांनी त्या पेटीपायी दुपारचं जेवण सोडलंय.

भंगारवाला म्हणाला, “माल बीडकडचा हाय, म्याडम, म्होरचं काय ठावं न्हाई.” बीड जिल्ह्यात चाळीस वर्षं रेडिओ, घड्याळं आणि पंखे उघडून बसलेला माणूस मला एकच माहीत आहे. हा उद्योग कुणाचा असेल?

पेटीचा एक स्क्रू सापडत नाहीये. आपल्या घरातल्या हरवलेल्या वस्तू जिथे जातात तिथेच गेला असणार, मामीच्या माहेरी!

तुमची भाची,
प्रणिता


धर्मापुरी, १८ जून

चि. प्रणिता,

आशीर्वाद. फोटो भिंगाखाली धरून पाहिला. असली वस्तू मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. कुणी केली, कशासाठी केली, मला काडीचीही कल्पना नाही.

जोडकाम मात्र सुरेख आहे. कथलाचा एकेक डाग मोत्यासारखा. करणारा माणूस हुशार, कष्टाळू आणि विनयशील असावा, असं फोटोवरून वाटतं. देखणाही असू शकेल.

तू पाटोद्याला धोंडीरामकडे जाऊन बघ. ब्याऐंशी साली त्याच्याकडे कॅल्क्युलेटर होता आणि आठवडी बाजाराला आलेले लोक तो बघायला रांग लावायचे. असले धंदे करणार तर तोच.

दोन सूचना. एक, यापुढे पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाक. घरी आलं तर तुझी मामी वाचते आणि यंत्राचा विषय निघाला की तिचं डोकं फिरतं. दोन, पेटीच्या तळाचा पत्रा उचकटू नकोस. जुनं पितळ ठिसूळ असतं.

तुझा मामा,
रेवणसिद्ध हालगे


पुणे, ४ जुलै

ती. मामा,

शरणार्थ. पाटोद्याला जाऊन आले. धोंडीरामकाका आता मिक्सर विकतात. तुमचं नाव घेतल्यावर पाच मिनिटं हसले. “रेवणसिद्धानं धाडलं? मंग तुमी चुकीच्या जागी आलात हे नक्की,” म्हणाले, आणि मला एक मिक्सर विकला. दोन भांडी जास्तीची आहेत. एक मामीसाठी ठेवलंय.

आता खरी बातमी. मी तळ उचकटला. रागावू नका, काही फुटलं नाही. तीन गोष्टी मिळाल्या.

पहिली, एका चिपेवर काचेची बारीक खिडकी असते, तिच्यावर उजेड पडू नये म्हणून काहीतरी चिकटवावं लागतं. इथे चिकटवली आहे बायकांची टिकली. मरून रंगाची, चांगली रुपयाएवढी. दुसरी, त्याच चिपेतला मजकूर आमच्या प्रयोगशाळेनं वाचला. कुठलीही कळ दाबा, पडद्यावर ठिपक्या-ठिपक्यांचा एकच शब्द येतो, ‘जाईल.’ काय जाईल? कुठे जाईल? संचालकांनी आता रात्रीचं जेवणही सोडलं.

तिसरी सगळ्यात मोठी. तळाचा पत्रा खरोखरच पितळी आहे आणि त्यावर आतल्या बाजूनं ठिपक्यांनी नाव कोरलंय, ‘मोहनराव अर्जुनराव’, खाली ‘१२-५-८३’. वर अजून एक ओळ होती, पण पत्रा कापताना ती निम्मी गेली, अक्षरांचे नुसते पाय राहिलेत. मामा, परदेशातसुद्धा पहिला नमुना बनवणारे लोक पेटीच्या आतून सह्या करायचे. मी आईला विचारलं, मोहनराव अर्जुनराव कोण? आई म्हणाली, “गेवराईकडचे मोठे बागायतदार. मामाच्या चांगल्या ओळखीचे.” तुम्ही त्यांचं नाव मला आधीच का नाही सांगितलं?

परवा गेवराईला निघते आहे.

प्रणिता


धर्मापुरी, ९ जुलै

चि. प्रणिता,

जाऊ नकोस. मोहनरावाला बॅटरीत सेल कोणत्या तोंडानं घालायचा ते कळत नाही. निवडणुकीत भोंग्यातून बोलायचं सोडून भोंग्याला कान लावून बसणारा माणूस. जाऊ नकोस.

मामा


पुणे, २५ जुलै

ती. मामा,

तुमचं पत्र मी परत आल्यावर मिळालं. गेवराईचा दौरा मात्र ऐकण्यासारखा झाला.

मोहनराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण ताठ. ओसरीवर दहा-बारा माणसं. मी पत्र्याचा फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. “नाव तर माझंच हाय,” म्हणाले. मी विचारलं, हे यंत्र तुम्ही केलंत? ते माझ्याकडे बघत राहिले. मग माणसांकडे बघितलं. माणसं त्यांच्याकडे बघत होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांना हळूहळू आठवायला लागलं.

“आता नाव माझंच हाय म्हटल्यावर न्हाई कसं म्हणू? त्या काळात लई कामं केली मी, पोरी. समदी कुठं ध्यानात ऱ्हात्यात!”

मी ‘जाईल’चं विचारलं. त्यावर ते उठून उभेच राहिले. “गरिबी जाईल! त्येच लिव्हलं व्हतं मी!” टाळ्या पडल्या. त्यांचा मुलगा शिवशंकर यंदा निवडणुकीला उभा राहायच्या बेतात आहे. चहा येईपर्यंत त्यानं फलकाचा मजकूरही ठरवला, ‘संगणकाचे आद्य जनक मा. मोहनराव.’ मी निघाले तेव्हा बिभीषण नावाचा त्यांचा कार्यकर्ता फोटोवाल्याला सांगत होता, “दादांच्या हातात एक स्क्रू ड्रायव्हर दे बे!”

त्यांनी तो हातोडीसारखा धरला होता. पण नाव त्यांचं, तारीख त्यांची. खंडेनवमीला दालनाचं उद्‍घाटन त्यांच्याच हस्ते करायचं ठरतंय. पाटी छापायला टाकायची आहे.

प्रणिता


(पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नाही. शिक्का परळीचा.)

२ ऑगस्ट

मा. संग्रहालयवाले यांस,

मी एक हितचिंतक आहे. मला असे समजले आहे की गेवराईच्या एका गृहस्थास संगणकाचे जनक म्हणून गौरवण्यात येणार आहे. हे ऐकून एका सामान्य नागरिकाचे रक्त खवळले. सदर यंत्र त्यांनी केलेले नसून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका अत्यंत गुणी कारागिराने केलेले आहे. त्याचे नाव मी सांगू शकत नाही. तरी पाटी छापू नये.

आपला, एक हितचिंतक

ता. क. संचालकांना जेवायला सांगा.


पुणे, ९ ऑगस्ट

ती. हितचिंतकमामा,

शरणार्थ. तुमचा ‘ळ’ अख्ख्या मराठवाड्यात दुसरं कुणी काढत नाही. आणि संचालक जेवत नाहीत हे मी फक्त तुम्हालाच लिहिलं होतं.

मग मी तुमचं पहिलं पत्र काढून पुन्हा वाचलं. तळाचा पत्रा पितळी आहे हे मी तुम्हाला कळवायच्या आधीच तुम्ही लिहिलंय, ‘जुनं पितळ ठिसूळ असतं.’ फोटोत तळ दिसतच नव्हता. शिवाय पितळ ठिसूळ नसतं, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

मामा, पेटी तुमची आहे. मग लपवताय का? खरं लिहा, नाहीतर मोहनरावांचा हार मी स्वतः विकत आणीन.

प्रणिता


धर्मापुरी, २० ऑगस्ट

चि. प्रणिता,

पकडलंस. आता ऐक, आणि हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

पेटी माझी. लग्नाआधी आठ महिने मी हैदराबादला एका रेडिओच्या कारखान्यात होतो. तिथे साहेबाच्या टेबलावर पहिला संगणक पाहिला आणि मला दुसरं काही सुचेना. गावी परत येऊन दुकान टाकलं, लग्न केलं, तरी डोक्यातून जाईना. हैदराबादच्या गाडीनं चिवड्याच्या डब्यातून एकेक चिप आणवली. दीड वर्षात पेटी चालू झाली. पहिला नमुना झाला, आता असे दहा करून विकू, असा बेत होता. पण ती चालू केली की आळीतल्या सगळ्या रेडिओंवर खरखर व्हायची. लोक बातम्यांच्या वेळी माझ्या नावानं शंख करायचे. ती खरखर थांबवायला तळाला चांगला जाड, सपाट पितळी पत्रा लागणार होता. तो परळीत मिळेना.

घरात होता. मोहनरावाच्या पहिल्या निवडणुकीत भोंग्यांचं काम मी केलं होतं, म्हणून त्यानं आमच्या लग्नात पितळी परात दिली होती. चांगली दोन हात रुंद. लग्नातल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालतात, हे तुला पुण्यात कोण शिकवणार? तू आहेराच्या भांड्याला सही समजलीस, आणि मोहनरावानं ती कबूलही केली!

परात मी कापली. म्हटलं, दिवाळीला नवी आणून ठेवू, कळणार कुणाला? पण दोनच दिवसांनी आईला ती हवी झाली. घर धुंडाळलं. मग आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तुझ्या मामीकडे, मल्लम्माकडे बघून म्हणाली, “गेली आसंल भालकीला, माहेरी.”

मी तिथंच होतो, प्रणिता. तेव्हा बोलायला हवं होतं. आईचा पारा बघून म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या चाळीस वर्षं झाली आलाच नाही. घरात मुलांच्या पेन्सिली हरवल्या तरी ‘मामीच्या माहेरी गेल्या’ असं व्हायला लागलं, आणि त्यावर मीसुद्धा हसलोय. याची मला लाज वाटते.

आता ‘जाईल’चं. पेटीला विचारायचा प्रश्न एकच होता, ‘आज लाईट जाईल का?’ पेटीची आठवण, म्हणजे मेमरी, कमी होती, एकच उत्तर मावत होतं, आणि आमच्या गावात तेवढंच पुरायचं. एकदाही चुकलं नाही. कर्ज द्यायला एक साहेब पेटी बघायला आले होते. त्यांनी कळ दाबली, ‘जाईल’ उमटलं, आणि त्याच क्षणी गेली. ते अंधारात ठेचकाळत निघून गेले आणि नमुना क्रमांक दोन झालाच नाही. पेटी माळ्यावर गेली. २००३ साली मल्लम्मानं ती अडगळ म्हणून भांडेवालीला दिली, आणि बदल्यात काय घेतलं माहीत आहे? स्टीलची परात. किती स्वस्तात मिळाली ते मला आठवडाभर ऐकवलं. मी ऐकलं.

आता एक मागणं. पाटीवर माझं नाव घाल. जन्मभर लोकांचे पंखे फिरवले, पण हे कुणी केलं म्हणून कुणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस. फक्त पत्रा कुठला, ते लिहू नकोस. मल्लम्माला आता कळलं तर मी कोणत्या तोंडानं तिच्या हातची भाकरी खाऊ?

मामा


पुणे, २९ ऑगस्ट

ती. मामा,

पत्र फाडलेलं नाही. दोनदा हसले आणि मग रडले.

तुमचं अर्धं मागणं मला मान्य नाही. पाटीवर यंत्र कशाचं आहे ते लिहावंच लागतं, आणि मी मामीच्या परातीला ‘पितळी पत्रा’ म्हणणार नाही. मीसुद्धा लहानपणापासून तो विनोद करत आलेय. जूनमधल्या पत्रातही केला. मामी त्या वेळी हसायची, आता आठवतं तर ती नुसती दात दाखवायची.

खंडेनवमीच्या आधी मामीला सांगा. सांगितलंत तर पाटीवर तुमचं नाव, मोठ्या अक्षरांत. नाहीतर ‘निर्माता अज्ञात’. मोहनरावांना मी टाळेन, पण तुमच्यासाठी खोटं लिहिणार नाही. पत्र्याचा फोटो खऱ्या मापाचा सोबत पाठवते आहे. बोलायला जमलं नाही तर नुसता तिच्यापुढे ठेवा.

प्रणिता


धर्मापुरी, ५ सप्टेंबर

चि. प्रणिता हिला मामीचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी फोडलं. तुझे मामा कानाचं यंत्र बसवायला आंबाजोगाईला गेले होते, दुकान बंद. पोस्टमन बंकट घरी आला, “मामी, टपाल हाय, जाडजूड हाय,” म्हणाला. दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडू नये हे मला कळतं. पण चाळीस वर्षं त्यांची चोरी माझ्या नावावर होती, तेव्हा त्यांचं एक पत्र मी फोडलं तर काय बिघडलं?

फोटो बघितला. वरच्या ओळीच्या अक्षरांचे फोटोत नुसते पाय दिसतात. मला ती ओळ येते. ‘चि. सौ. कां. मल्लम्मा हीस.’ दीड वर्ष रोज राखेनं घासलेली परात आहे ती. पोचा कुठे आहे तेही सांगते, ‘मोहनराव’च्या ‘न’पाशी.

आधी मी हसले. स्वतःची परात भांडेवालीच्या पाटीत घालून वर तिच्याशी घासाघीस करणारी बाई माझ्याशिवाय नसेल. मग मात्र बसून राहिले. तुला ठाऊक नाही ते सांगते. परात गेल्यावर चार महिन्यांनी माझे वडील भालकीहून आले होते. पानावर बसले असताना सासूबाई बोलल्या, “आमची परात बरी हाय न्हवं तिकडं?” वडिलांनी हात धुतला आणि उठले. त्यानंतर सात वर्षं ते येत राहिले, पण या घरात पाणीसुद्धा प्यायले नाहीत. दारातूनच मला बघून परत जायचे. ते गेले तेव्हाही त्यांना माहीत नव्हतं की परात कुठे होती. आपल्या लेकीनं तर घेतली नसेल ना, अशी शंका त्यांच्या मनात आली असेल का, हे मला अजून छळतं.

तर आता माझं ऐक. मला कळलंय हे मामांना सांगू नकोस. पत्र मी खळ लावून पुन्हा चिकटवलंय आणि दुकानाच्या फटीतून आत सारलंय. बघू, हा माणूस आपल्या तोंडानं बोलतोय का. तोवर मी माझी थोडी करमणूक करून घेते. रोज पीठ मळायला बसले की स्टीलची परात जरा जोरानं आपटते आणि विचारते, “आवो, आपली ती पितळी परात कुठं गेली आसंल वो?” काल त्यांनी चहात बशी बुडवली.

मल्लम्मा


धर्मापुरी, २३ सप्टेंबर

चि. प्रणिता,

सांगितलं. एकदाचं सांगितलं.

काय योगायोग म्हणावा, तुझं पत्र आल्यापासून घरात रोज परातीचाच विषय. जेवताना परात, झोपताना परात. परवा तर तिनं शेजारच्या वैष्णवीला कुठल्या काळच्या पराती जड असायच्या ते तासभर समजावलं. शेवटी काल संध्याकाळी ओट्यावर ती लसूण सोलत असताना फोटो तिच्यापुढे ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणालो, “परात मी कापली होती.”

म्हणजे मला वाटलं हळू. कानाचं यंत्र आत काय आहे ते बघायला मी पहिल्याच दिवशी उघडलं होतं, ते अजून जुळलेलं नाही.

ती म्हणाली, “आं? काय म्हणलात?” मी पुन्हा सांगितलं. “ऐकू न्हाई आलं. पुन्यांदा सांगा.” आमच्या घरात कान माझे गेलेत, तिला तर पलीकडच्या आळीतलं कुजबुजलेलं ऐकू येतं. पण काल तिला ऐकूच येईना. चौथ्यांदा मी असा ओरडलो की समोरच्या ओट्यावरचे पत्ते थांबले. “परात मी चोरली! मल्लम्मानं न्हाई! तिच्या माहेरी न्हाई गेली! का म्हून गप बसलो कोणास ठावं!” आळीत सगळे उभे. तेव्हा कुठे ती म्हणाली, “आता आलं.”

मग उठली आणि आत गेली. मला वाटलं, आज उपाशी. थोड्या वेळानं ताट आलं, भाकरी, ठेचा, सगळं. पण बोलत नाही. चोवीस तास झाले. मी मार खाल्ल्यासारखा बसलोय. तरी प्रणिता, छातीवरून एक धोंडा उतरला आहे. पाटीवर नाव घातलं नाहीस तरी चालेल.

मामा


पुणे, १ ऑक्टोबर

ती. मामा आणि मामी,

पाटीवर नाव येणार. मजकूर मामी सांगेल तोच, शब्दही बदलणार नाही. मामी, लिहून पाठव.

आईला मी सगळं सांगितलं. “मी सख्खी नणंद, मीच सगळ्यात जास्त हसले,” म्हणाली. खंडेनवमीला ती तुझ्यासाठी इरकली साडी घेऊन येणार आहे आणि तू ती नाकारलीस तरी तिला चालेल, असं सांगायला सांगितलंय. माझीही माफी. जूनमधल्या त्या स्क्रूबद्दल. तो टेबलाखालीच होता.

मोहनरावांना फोन केला. वाटलं, रागावतील. पण म्हणाले, “म्हंजी संगणक माझ्या परातीवर हुबा हाय? मंग ठीक हाय की!” उद्‍घाटनाला येताहेत. शिवशंकरनं फलक बदलून घेतला, ‘संगणकाला आधार देणारे नेतृत्व’.

प्रणिता


धर्मापुरी, १७ ऑक्टोबर

चि. प्रणिता,

अनेक आशीर्वाद. तुमचा कार्यक्रम छान झाला. सगळ्या यंत्रांना झेंडू आणि हळदकुंकू बघून बरं वाटलं. तुझ्या संचालकांना नीट जेवायला घाल, फार वाळलेत. आरोहीनं, त्यांच्या लेकीनं, मला विचारलं की टिकली तुमचीच का. मी म्हटलं, तीसुद्धा न विचारता घेतलेली.

वन्संनी दिलेली साडी मी घेतली. लगेच नेसणार नाही. नेसेन.

मामांचं भाषण तू ऐकलंसच, मैदानापलीकडच्यांनीही ऐकलं. त्यांना माइक दिला ही तुमची चूक. मोहनरावांनी हार स्वतःच्या गळ्यातून काढून त्यांना घातला तेव्हा मामांचे डोळे भरले होते. मला चांगलं वाटलं. खरंच वाटलं. हुशार माणूस आहे, फक्त धीट नव्हता.

तू दिलेली पाटीची जास्तीची प्रत घेऊन आम्ही परवा भालकीला जाऊन आलो. भावाला मी वाचून दाखवली. ‘नमुना क्र. १. घरगुती संगणक, १९८४. निर्माता रेवणसिद्ध हालगे, धर्मापुरी. तळ: मल्लम्मा हालगे यांची परात. ती माहेरी गेली नव्हती.’ भावानं ती वडिलांच्या फोटोखाली लावली. तुझे मामा फोटोसमोर हात जोडून उभे राहिले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्यांच्या आवाजात. बरं झालं मोठा आवाज आहे. इतक्या लांब पोचायला हवा होता.

मग ते जेवायला बसले नाहीत. त्या घरात पाणीही प्यायले नाहीत. मी काही सांगितलं नव्हतं, वडिलांच्या न जेवण्याचं त्यांना इतकी वर्षं ठाऊक होतं. भावानंच शेवटी हाताला धरून पाटावर बसवलं.

तुझं पत्र मी आधीच फोडलं होतं हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. माझीही एक गोष्ट लपलेली असू दे.

परतीच्या गाडीत उदगीर आलं तेव्हा तुझ्या मामांनी माझ्या कानाशी येऊन, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा हळू आवाजात विचारलं, “मल्लम्मा, राग गेला का?”

मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, “जाईल.”

तुझी मामी,
मल्लम्मा